तीन टाके, रिव्हर्स नाही

विमानाच्या सीटखाली एक पिशवी असते. विमान पाण्यात उतरायची वेळ आली तर घालायचं जाकीट तिच्यात घडी करून ठेवलेलं असतं. बसणारे बहुतेक लोक तिच्याकडे कधी बघत नाहीत, आणि बघायची वेळ कुणावर येऊही नये. पण ती कुणीतरी शिवलेली असते. गेली अडीच वर्षं आखातातल्या एका शहरात ती मी शिवते. सीटची कव्हरं, पाठीमागचे खिसे, पट्टे आणि ही पिशवी.

हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "मग शिक्षण किती झालंय?" मी खरं तेच सांगते. नववी. तीही पुरती नाही. सहामाही दिली आणि वडिलांच्या पायावर बैलगाडीचं चाक गेलं. आईला रानात जोडीला माणूस लागलं, दप्तर खुंटीला राहिलं. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वावगं वाटायला पुढं बरीच वर्षं लागली.

लग्न होऊन सोलापूरजवळच्या कुंभारीला आले. नवरा टेम्पो चालवायचा, अजून चालवतो. मुलगी चालायला लागल्यावर मी सोलापुरात एका युनिफॉर्मच्या कारखान्यात जायला लागले. वीस मशिनी, पत्र्याचं छत आणि एक मास्तर. मास्तर घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, कापडवाल्याशी दखनी, आणि चिडले की तिन्ही एकदम. आम्हा सगळ्या बायकांना ते अम्मा म्हणायचे, मग ती अठराची असो की साठीची.

शाळेच्या पोरांचे कपडे शिवणं हलकं काम आहे असं वाटत असेल तर एकदा पाचवीच्या पोराची चड्डी शिवून बघावी. घसरगुंडी, कुंपणाची तार, एकमेकांना धरून ओढणं, सगळं त्या शिलाईनं सोसायचं असतं. म्हणून मास्तरांचा नियम होता, शिलाई सुरू करताना तीनदा रिव्हर्स, संपवताना तीनदा रिव्हर्स. रिव्हर्स म्हणजे मशिनीचा दांडा दाबून त्याच टाक्यांवरून मागं यायचं, म्हणजे टोक पक्कं होतं. संध्याकाळी मास्तर गठ्ठ्यातली कुठलीही एक पँट उचलायचे, एका पायावर उभे राहायचे आणि दुसरा पाय तिच्यात अडकवून दोन्ही हातांनी वर खेचायचे. आम्ही म्हणायचो, मास्तर पँटीशी कुस्ती खेळायलेत.

पँट हरली, म्हणजे शिलाई उसवली, तर जिची असेल तिनं सगळ्यांसमोर परत शिवायची.

"अम्मा, पोरगं शाळेत जातंय तवा आईबापाची इज्जत कुटं असती?"

"चड्डीच्या शिलाईत, मास्तर," आम्ही एका सुरात म्हणायचो.

"मग? टाका सुटला की काय सुटलं?"

"इज्जत सुटली."

"व्हय की!"

पहिल्या वर्षी माझ्या तीन पँटी हरल्या. त्यानंतर दहा वर्षांत एकही नाही. उजवा हात शिलाईच्या टोकाला आला की आपोआप दांड्यावर जायचा, डोक्याला विचारायचाही नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. तोच पुढं माझ्या अंगावर आला.

मग शाळा बंद पडल्या. साथीच्या आजाराची दोन वर्षं. पोरं घरात बनियनवर बसून मोबाईलवर शिकायला लागली, मग युनिफॉर्म कोण घेणार? विसातल्या चार मशिनी चालू राहिल्या. मास्तरांनी आम्हाला एकेकीला बोलावून घेतलं. मला वाटलं, उद्यापासून येऊ नको म्हणतील. ते म्हणाले, "माझा भाचा हाय हैदराबादला. विमानाचे सीट शिवतेत तितं. जाड कापड, चामडं. हात पाहिजे म्हणालाय, सर्टिफिकेट न्हाय मागत."

"मास्तर, मी विमान जवळून बघितलं पण न्हाय."

"तू हेडमास्तर बघितलीस का? त्याचा कोट शिवलीस की न्हाय?"

अशी मी हैदराबादला गेले. मुलगी सहावीत, सासूबाई आणि नवऱ्याजवळ. महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचे. तिथं समजलं की सीटच्या कापडाचा तुकडा आधी जाळून बघतात, ते किती लवकर विझतं ते मोजतात, आणि मगच ते कापड कात्रीखाली येतं. धागा कुठला, टाका केवढा, सगळं कागदावर ठरलेलं. मास्तरांच्या कारखान्यात अंदाज चालायचा, इथं अंदाजाला जागा नव्हती. मला ते आवडलं. अंदाज चुकायची भीती मला लहानपणापासून आहे.

त्या तीन वर्षांत आमच्याकडं दर दोन-तीन महिन्यांनी समोसे यायचे. समोसे आले की समजायचं, कुणीतरी परदेशी चाललंय. आधी पंखाचा पत्रा दुरुस्त करणारा गेला. मग रंगवाले दोघे. मग इंजिनचा एक सीनियर, ज्याच्या हाताखाली निम्मी पोरं शिकली होती. आमच्या साहेबांना त्या समोशांचा वासही सहन व्हायचा नाही. ते म्हणायचे, "आम्ही पाच वर्षं शिकवायचं, आणि शिकला की न्यायचं त्यांनी." ते काही खोटं बोलत नव्हते. पण जाणारेही खोटे नव्हते. त्याच कामाला तिथं तिप्पट पगार, आठ तास म्हणजे आठच तास, जादा तासाचा जादा पैसा, राहायला खोली, वर्षाला घरी जायचं तिकीट. आणि पाठीला टेकू असलेली खुर्ची. हसू येईल, पण खुर्चीचं ऐकून माझं मन हललं. चौदा वर्षं मी स्टुलावर बसून शिवत होते.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मी बोलले कमी, शिवून दाखवलं जास्त. मग पासपोर्ट. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टला वेगळा शेरा असतो. आखातात जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते. तो शेरा बघून मला शाळा सोडल्याचा दाखला आठवला. इतकी वर्षं तो ट्रंकेत गप पडून होता, आता विमानतळापर्यंत माझ्याबरोबर आला.

साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, "तुम्ही पण?" एवढंच. मग अनुभवाचं पत्र टाइप करायला लावलं, सही केली, आणि खाली पेनानं स्वतः लिहिलं, "काम उत्तम." ते पत्र अजून माझ्या पेटीत आहे. त्यांचं नुकसान करून मी गेले आणि त्यांनी हे लिहिलं. उपकार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी समोसे मी आणले होते.

इथं आखातात आल्यावर पहिली गोष्ट कळली ती शिक्क्याची. ज्याच्या हातावर कंपनीचा पूर्ण विश्वास बसतो, त्याला एक छोटा रबरी शिक्का मिळतो. त्यावर नाव नसतं, नंबर असतो. काम झालं की कागदावर आपला नंबर उमटवायचा. त्याचा अर्थ, हे मी केलंय, बरोबर केलंय, विचारायचं असेल तर मला विचारा. शिक्का नाही तोवर आपलं काम दुसरा कुणीतरी तपासणार आणि त्याचा शिक्का मारणार. ज्यांना दोन वर्षांत शिक्का मिळत नाही, त्यांचा करार पुढं वाढवत नाहीत. मी आले तेव्हा मुलगी नववीत गेली होती. जिथं मी थांबले ती नववी. तिनं मला फोनवर बजावलं होतं, "मम्मे, मी बारावी होऊस्तवर तू परत यायचं न्हाईस. मला क्लास लावायचाय." माझ्या डोक्यात शिक्का, करार आणि तिचा क्लास एकाच ओळीत उभे असायचे.

आमच्या सुपरवायझर फिलिपिन्सच्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, उंचीनं माझ्या खांद्याला. आम्ही त्यांना मॅम म्हणतो, त्या आम्हाला सिस्टर. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं मी त्यांच्या हातांवरून ओळखायचे. दोन वर्षं पूर्ण व्हायला थोडे दिवस राहिले असताना त्या म्हणाल्या, "सिस्टर, पुढच्या आठवड्यात तुझ्या शिक्क्याचं ठरेल." मी त्या दिवशी नवऱ्याला फोन केला आणि त्यानं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

त्याच आठवड्यात मला सीटखालच्या पिशव्या आल्या. अठ्ठेचाळीस. टेबलावर पिशवी कशी शिवायची त्याचा नकाशा होता, मापं होती. मापं मला चांगली वाचता येतात. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्या मला नीट लागल्या नाहीत. मॅमनी विचारलं, "सगळं समजलं?" मी मान हलवली. चूक इथं झाली. शिलाई पुढची गोष्ट आहे.

पिशवीचं तोंड कच्च्या धाग्यानं शिवायचं होतं, तीन टाके. पहिली पिशवी मॅमसमोर शिवली. त्या जवळ होत्या म्हणून हात जपून चालला, नकाशाप्रमाणं तीन टाके घातले आणि धागा कापला. बरोबर. त्या गेल्या. मग हात आपल्या चालीनं चालायला लागला. काम छान चाललंय असं मला वाटत होतं. गठ्ठ्यातल्या काही पिशव्या काढून मॅमनी तपासल्या, त्या ठीक निघाल्या. बाकी गठ्ठा विमानात बसवायला गेला.

दोन दिवसांनी आमच्यापैकी काही जणींना एका दुसऱ्या विमानात नेलं. जे शिवतो ते कशासाठी, हे समजावं म्हणून वर्षातून एकदा थोड्या जणींना नेतात, माझी पाळी पहिल्यांदाच आली होती. मी खिडकीजवळ बसले. विमानात बसायची ती माझी चौथीच वेळ, आणि जमिनीवर उभ्या विमानात पहिली. शिकवणारा म्हणाला, आता समजा विमान पाण्यात आहे. दिवे गेलेत. सीटखाली हात घाला, लाल पट्टी ओढा.

शेजारच्या बाईनं ओढली. टर्र झालं आणि जाकीट तिच्या हातात. तिनं जोर लावलासुद्धा नव्हता.

"तोंड इतकं कच्चं का शिवतात?" शिकवणाऱ्यानं विचारलं आणि स्वतःच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या, लहान मुलाच्या, घाबरलेल्या हातानं ओढलं तरी ते तुटायला हवं म्हणून.

मला माझा उजवा हात दिसायला लागला, टोकाला आल्यावर दांड्यावर जाणारा. मी रिव्हर्स मारला होता. सगळ्यांना की काहींना, आठवेना. हात डोक्याला विचारतच नव्हता ना. पोराची चड्डी समजून मी त्या पिशव्यांची तोंडं पक्की करून टाकली होती.

उतरून मी पाण्याच्या नळापाशी उभी राहिले. माझ्या पिशव्या बसवलेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी जाणार होतं. गप राहिले तर कुणाला कळणार होतं? त्या पिशवीला हात लावायची वेळ बहुधा कधी येणारच नाही. पण आली तर? माझ्या सासूबाईंना संधिवात आहे, त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. मला त्या दिसल्या, सीटखाली हात घालून पट्टी ओढणाऱ्या. नवऱ्याला फोन लावला. तो टेम्पोत माल भरत होता.

"चुकी झालीय माझ्याकडनं. सांगितलं तर शिक्का जाईल. नोकरीबी जाईल कदाचित."

मागं हमालांची ओरड ऐकू येत होती.

"मग ये की परत," तो म्हणाला. "हितं आईला कोण भाकऱ्या करून घालायलंय? मीच करायलोय. गोल येईनात."

"चेष्टा नको करू."

"चेष्टा न्हाय. सांग जा आधी. फोन काय लावत बसलीस मला? मी काय विमान उसवणार हाय का?"

मॅमच्या टेबलाशी गेले. इंग्रजी सगळं पळून गेलं होतं. मी एक पिशवी घेतली, मशिनीवर बसले, तीन टाके घातले आणि दांडा दाबून रिव्हर्स मारला. मग पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओढली. उघडेना. पुन्हा ओढली. त्यांच्या लक्षात आलं.

"किती?"

"माहीत नाही, मॅम."

"नकाशावर लिहिलंय. रिव्हर्स करू नये."

"मला वाचता आलं नाही. मी समजलं म्हणाले. खोटं बोलले."

तेवढं वाक्य बोलायला मला शाळा सोडल्यापासूनची सगळी वर्षं लागली असं वाटलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन उचलला, विमान थांबवलं. सकाळी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पिशव्या काढून आणल्या आणि एकेक ताण मोजायच्या काट्याला लावून ओढून बघितली. अकरा उघडल्या नाहीत. अकरा माणसं, असंच मी मोजत होते. त्या अकरा मी उसवल्या. मग सगळ्या अठ्ठेचाळीस परत शिवल्यासुद्धा मीच, मॅम खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. प्रत्येक पिशवीला मी डावा हात उजव्या हातावर ठेवून दांड्यापासून लांब धरला. दुपारचं विमान दिवस मावळता गेलं.

शिक्का त्या आठवड्यात मिळाला नाही. माझ्या फाईलला ताकिदीचं पत्र लागलं. करार संपवला नाही, फक्त तीन महिन्यांसाठी वाढवला, आणि त्या तीन महिन्यांत आठवड्यातून दोनदा नकाशावरचं इंग्रजी शिकायचं असं ठरलं. ते तीन महिने मी दर फोनला दचकत होते. मुलगी मला उलट शिकवायला लागली. व्हिडिओवर पाटी धरायची. "मम्मे, हे वाच. मोठ्यानं. आजीला पण ऐकू दे." सासूबाई मागून म्हणायच्या, "बरोबर वाचली का गं?"

आणखी एक गोष्ट झाली. मॅमनी त्या नकाशाखाली एक चित्र काढून घेतलं. मशिनीचा दांडा, त्यावर हात, आणि वर लाल फुली. ते आता पिशव्यांच्या प्रत्येक टेबलावर आहे. नवीन येणाऱ्या, नेपाळच्या, केनियाच्या, बिहारच्या बायका बोट ठेवून विचारतात, हे काय? मी सांगते. लाज वाटत नाही. ते चित्र माझ्यामुळं तिथं आहे.

शिक्का मिळाला तेव्हा मॅमनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. पहिल्यांदा मी तो एका कोऱ्या कागदावर उमटवला आणि नुसती बघत बसले. शाळेनं माझ्या दाखल्यावर शिक्का मारला होता. आता माझ्या हातात शिक्का होता, आणि तो बघून माणसं विमानात बसणार होती.

या सुट्टीत सोलापूरला आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे गेले. बारा मशिनी चालू झाल्यात. मास्तरांचा चष्मा जाड झालाय. सगळं सांगितलं, चूकसुद्धा. त्यांचा विश्वास बसेना.

"सुटायचा टाका? मुद्दाम?"

"व्हय मास्तर. सुटला न्हाय तर माणूस मरंल."

"अय्यो. चाळीस वर्षं मी काय शिकवलो मग?"

मी निळ्या पँटीच्या कापडाची एक पिशवी केली, कच्चा धागा घातला, तीन टाके, पट्टी लावली. "ओढा."

मास्तर सवयीनं एक पाय उचलायला लागले. सगळ्या हसल्या. मग त्यांनी एका बोटानं ओढलं. टर्र.

"आता मी शिवते," पूर्वी माझ्या शेजारच्या मशिनीवर बसणारीनं मला बाजूला सारलं. शिवली. मास्तरांनी ओढलं. उघडेना. दोन्ही हातांनी ओढलं, उघडेना. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगावं.

"बघ! हा आपला हात हाय!"

"मास्तर, हिला विमानाजवळ फिरकू देऊ नका," मी म्हणाले.

हसणं संपल्यावर मास्तर स्टुलावर बसले. चष्मा पुसला. कच्चा धागा सुईत ओवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. तीन टाके घातले. टोकाला आल्यावर त्यांचा उजवा हात उठला, दांड्याकडे निघाला, आणि मधेच थांबला. तो हवेत तसाच ठेवून त्यांनी डाव्या हातानं धागा कापला. पिशवी माझ्यापुढं धरली, जशी मी त्यांच्यापुढं माझी पहिली पँट धरली होती.

मी ओढली. उघडली.

"मार शिक्का," मास्तर म्हणाले.

शिक्का कंपनीबाहेर न्यायचा नसतो, तो तिथं कपाटात होता. मी टेबलावरचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि निळ्या कापडावर माझा नंबर लिहिला. मास्तरांनी तो लांब धरून, मग जवळ धरून वाचला आणि पिशवी कारखान्याच्या भिंतीवर, दसऱ्याला मशिनींना घालायच्या हारांच्या खिळ्याला अडकवली.